घर दोघांच्या नावावर आहे, पण कोणाचा वाटा किती?

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, कुठल्याही नव्या कॉलनीत विचारा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं, आणि एक गेलं की ते आपसूक दुसऱ्याचं होणार याची दोघांना खात्री असते. तसं होत नाही. इंग्लंडात जोडीदारांच्या एका प्रकारच्या सामाईक मालकीत मागे राहिलेल्याकडे सगळं घर जातं, आणि मुलांचा विचार करणारे लोक ती मालकी मोडून वाटे वेगळे करून घेतात. आपल्याकडे सुरुवातच उलटी आहे. वाटे आधीपासून वेगळे धरलेले असतात. गेलेल्या माणसाचा वाटा त्याच्या वारसांत जातो, आणि जोडीदार त्या वारसांपैकी फक्त एक असतो.

मालमत्ता मागे ठेवली म्हणून सरकारला कर भरावा लागत नाही. आपल्याकडचा मृत्यूनंतरचा संपदा शुल्क १९८५ सालीच बंद झाला. त्यामुळे हा सगळा खटाटोप कर वाचवण्यासाठी नाही. एक माणूस गेल्यावर दुसऱ्याला त्याच घरात निवांत राहता यावं, आणि घर विकायचं किंवा त्यावर कर्ज काढायचं झालं तर आठ जणांच्या सह्या गोळा करत फिरावं लागू नये, एवढ्यासाठी तो करायचा.

पुढचं बहुतेक सगळं स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या घराबद्दल आणि हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असलेल्या कुटुंबांबद्दल आहे. मुस्लिम आणि आदिवासी कुटुंबांचं वेगळं आहे, ते खाली येईल.

काहीच केलं नाही तर

अमळनेरचं एक घर धरा. खरेदीखत दोघांच्या नावे, वाटा लिहिलेला नाही. पैसे कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ दोघांना निम्मं-निम्मं धरतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि त्याची आई. त्याच्या निम्म्या वाट्याचे चार सारखे भाग पडतात, म्हणजे प्रत्येकी घराचा एक अष्टमांश. बायकोकडे तिचा अर्धा आणि हा अष्टमांश मिळून पाच अष्टमांश. उरलेले तीन अष्टमांश मुलगा, मुलगी आणि सासूचे.

खरी गुंतागुंत इथून पुढे आहे. सासूही मृत्युपत्र न करता गेली की तिचा अष्टमांश तिच्या सगळ्या मुलामुलींत वाटला जातो. म्हणजे दीर आले, नणंदा आल्या, आणि त्यांच्यातलं कोणी आधीच गेलं असेल तर त्यांची मुलं आली. ज्या घराची पायाभरणी फक्त दोघांनी केली, त्याच्या विक्रीला आता सुरत आणि पुण्याहून माणसं बोलवावी लागतात. मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असतील तर आणखी एक पेच आहे. त्यांचा वाटा विकायला आईलासुद्धा आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

बायको आधी गेली तर हिशेब वेगळा. तिचा निम्मा वाटा नवरा, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला जातो. तिच्या आईवडिलांना त्यातलं काही येत नाही. मूलबाळ नसलेल्या जोडप्यांनी तर हे नीट वाचावं. नवरा आधी गेलेला असेल, तर बायकोच्या स्वतःच्या कमाईच्या घरावर तिच्या आईवडिलांआधी नवऱ्याकडच्या वारसांचा हक्क लागतो. तिला आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे जाते.

१ एप्रिल २०२१ पासून राज्यात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. त्या सुटीपायी खूप जणांनी घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं. पैसे वाचले, चांगलंच झालं. पण तिच्या पश्चात काय, याचा विचार खरेदीच्या दिवशी कोणी केलेला नसतो.

आधी कागद काढा

वकिलाकडे जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा. पहिलं पाहायचं ते नोंदणीकृत खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. ‘लिहून घेणार’ या जागी दोघांची नावं आहेत का, वाटा लिहिलाय का, ते बघा. मग सरकारी नोंद. जुन्या शहरी भागात मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेच्या कार्यालयात मिळते. शेतजमिनीवर एन.ए. होऊन पडलेल्या कॉलन्यांत, जळगावच्या कितीतरी भागांत हेच आहे, गट नंबर आणि प्लॉट नंबरचा सातबारा असतो. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि ज्या गावांत स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली तिथे आता मिळकत पत्रिकाही.

इथे फसगत होते. राज्य सरकारच्या ‘घर दोघांचे’ मोहिमेत खेड्यापाड्यात नमुना ८ वर बायकांची नावं लागली. त्याआधी १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत शेतीच्या सातबाऱ्यावर लागली होती. या दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या, आणि नाव असलेल्या बाईला अंधारात ठेवून घर विकणं त्यामुळे जड जातं. पण नमुना ८ हे घरपट्टीचं रजिस्टर आहे. त्यात नाव आलं म्हणून मालकीचा वाटा आला असं न्यायालय मानत नाही. एरंडोलकडच्या एका नानांना हे समजावताना ते वैतागून म्हणाले, “नाव ते लागी गयं, आते काय बाकी ऱ्हायनं?” बाकी राहिला होता तो दस्त. घर त्यांच्या एकट्याच्या खरेदीचं होतं आणि आक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, नाव फक्त ग्रामपंचायतीत होतं.

महावितरणचं बिल, नळपट्टी, आधारवरचा पत्ता यांचा मालकीशी संबंध नाही. सोसायटीत फ्लॅट असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि नामनिर्देशनाचा फॉर्मही काढून ठेवा. नॉमिनी हा सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा हे सांगणारा माणूस, तो वारसांच्या वतीने फ्लॅट सांभाळतो. नॉमिनी लावला म्हणून मृत्युपत्राची गरज संपत नाही.

घर वडिलोपार्जित आहे का, हेही याच वेळी तपासा. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून तुमच्याकडे असं एकत्र कुटुंबाचं आलेलं घर असेल तर त्यात मुलामुलींचा जन्मजात वाटा असू शकतो, आणि मुलींचा वाटा २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलांइतकाच आहे. अशा घराचं बक्षीसपत्र बायकोच्या नावे करून मोकळं होता येत नाही. तिथे आधी वाटणी.

मग दोघांनी बसून ठरवा

हे काम कोणा दस्तलेखकावर सोपवू नका. मागे राहणाऱ्याला घराची पूर्ण मालकी द्यायची, की हयातभर राहायचा हक्क देऊन नंतर मुलांना? पहिल्या लग्नाची मुलं आहेत का? एका मुलाचं लग्न, धंदा, कर्ज यांत आधीच बरंच दिलंय का? नवऱ्याचा किराणा दुकानाचा धंदा उधारीवर चालतो आणि बायको शिक्षिका आहे, अशा घरात वाटा कोणाकडे जास्त असावा हा प्रश्न वेगळाच होतो. मात्र कर्ज डोक्यावर असताना देणेकऱ्यांना चुकवायला केलेलं बक्षीसपत्र न्यायालयात टिकत नाही.

माझं मत विचाराल तर बहुतेक जोडप्यांना वाटे बदलायची गरजच नसते. निम्मं-निम्मं राहू द्यावं आणि दोघांनी आपापल्या निम्म्याचं मृत्युपत्र करावं. वाटा आजच हलवायचा तो ठोस कारण असेल तरच: घर एकाच्याच नावावर आहे आणि दुसऱ्याला हयातीतच हक्क द्यायचाय, किंवा दुसऱ्या लग्नामुळे पुढे वाद होणार हे दिसतंय.

मृत्युपत्र

याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. लिहिणाऱ्याने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण खान्देशात भाऊबंदकी काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून नोंदवूनच घ्या. फी किरकोळ असते. वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडा: शुद्धीवर आहेत, समजून सही करताहेत.

दोघांचं मिळून एकच मृत्युपत्र करायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं का, यावरच भांडणं होतात. दोघांची दोन वेगवेगळी करा.

मजकुरात घोळ होतो तो एका ठराविक जागी. वरच्या परिच्छेदात ‘माझा वाटा पत्नीस पूर्ण मालकी हक्काने देत आहे’ आणि खालच्यात ‘तिच्या पश्चात तो मुलास मिळावा’. ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण मग वीस वर्षांनी मुलगा-मुलगी कोर्टात पुढे चालवतात. एकच काहीतरी निवडा. पूर्ण मालकी द्यायची असेल तर पुढचं वाक्य नको, ती तिचं मृत्युपत्र तिच्या मर्जीने करेल. हयातीपुरतं द्यायचं असेल तर असं स्पष्ट लिहा: ‘सदर मिळकतीतील माझ्या अविभक्त अर्ध्या हिश्श्यात माझ्या पत्नीस तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा व भाड्याचे उत्पन्न घेण्याचा हक्क राहील. तिला तो हिस्सा विकण्याचा अगर गहाण ठेवण्याचा अधिकार राहणार नाही. तिच्या पश्चात सदर हिस्सा माझा मुलगा व मुलगी यांना समान मिळावा.’ जोडीदार आपल्या आधी किंवा आपल्यासोबतच गेला तर काय, याचीही एक ओळ घाला. मोटारसायकलवर दोघं एकत्रच निघतात.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं खरं. मुंबईत २०२५ पर्यंत प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, सक्तीचा होता, त्याचं जे ऐकता ते जळगाव-धुळ्या-नंदुरबारच्या घराला सक्तीचं नाही.

वाटा आजच द्यायचा असेल तर बक्षीसपत्र

नवरा-बायकोत वाटा हलवायचा सरळ मार्ग म्हणजे नोंदणीकृत बक्षीसपत्र. राहतं घर किंवा शेती नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. पण ‘दोनशेत काम होतं’ हे अर्धंच खरं. बाजारमूल्यावर १ टक्का स्थानिक अधिभार वेगळा घेतला जातो. बाजारमूल्य म्हणजे रेडी रेकनरचं, सरकारी दरतक्त्यातलं, तुम्ही सांगाल ते नव्हे. रक्कम आधी दुय्यम निबंधक कार्यालयात काढून घ्या.

खाली दुकानाचा गाळा, वर राहायचं, अशी घरं आपल्याकडे पेठेत जागोजागी आहेत. सवलत राहत्या भागाला आहे. गाळ्याच्या भागावर नवरा-बायकोतही ३ टक्के दर लागतो, म्हणून दस्तात दोन्हींचं क्षेत्रफळ वेगळं लिहा.

हक्कसोडपत्र स्वस्त पडतं, असं पुष्कळ जण सांगतील. ते वडिलोपार्जित मिळकतीपुरतं. विकत घेतलेल्या घरातला वाटा बायकोच्या नावे हक्कसोडपत्राने सोडला तर त्यावर खरेदीखतासारखं शुल्क लागू शकतं. हाच व्यवहार बक्षीसपत्राने केला तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. दस्ताचा प्रकार चुकला तर लाखाचा फरक पडतो.

आणि पाचशेच्या बाँडवर नोटरीसमोर केलेला ‘समझोता’? त्याने मालकी तसूभरही हलत नाही. स्थावर मिळकतीचं बक्षीस नोंदणीशिवाय होतच नाही.

दस्तात वाटा अपूर्णांकात लिहा, ‘माझा काही हिस्सा’ असं मोघम नको. प्लॉट नंबर, चौरस मीटर, चतुःसीमा इंडेक्स टूशी जुळवा. पैशाचा मोबदला नाही, प्रेमापोटी देत आहे, हे यायला हवं, आणि घेणाऱ्याने स्वीकारल्याचं त्याच्या सहीनिशी. घराला कर्ज असेल तर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. आयकराचंही एक लक्षात ठेवा: जोडीदाराने दिलेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला कर नाही, पण त्या वाट्याचं भाडं देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.

सगळ्यात मोठी गोष्ट अशी की बक्षीसपत्र परत घेता येत नाही. मृत्युपत्र फाडता येतं, हे नाही. सगळं घर एकाने दुसऱ्याला देऊन टाकायचा विचार असेल तर हयातभर राहण्याचा हक्क दस्तातच राखून ठेवा. मुलांना देत असाल तर सांभाळ करण्याची अट दस्तात शब्दांत लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानुसार सांभाळ झाला नाही तर असा दस्त रद्द करून मागता येतो, पण अट लिहिलेली नसेल तर ते अवघड जातं.

नोंदणीच्या दिवशी

माहिती आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर भरायची, शुल्क ग्रास या सरकारी भरणा संकेतस्थळावरून ऑनलाइन भरून चलन घ्यायचं. सोबत दोघांची आधार आणि पॅन, मूळ खरेदीखत, नवा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती, ओळखपत्रासह दोन साक्षीदार. फोटो आणि अंगठा तिथेच घेतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आणि दिवाळीच्या आसपास गर्दी असते, कारण बाहेरगावी असलेली भावंडं तेव्हाच गावात असतात. सकाळी लवकर जा. सर्व्हर बंद पडला तर दुपार गेली समजा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, तसा अर्ज आणि फी आधी द्यावी लागते.

आखाजीचा विषय निघालाच आहे तर: माहेरी आलेल्या लेकीकडून आईबाप हयात असतानाच ‘पुढच्या वाट्याचं’ हक्कसोडपत्र करून घेतात. आईबापाच्या स्वतःच्या घरात तिचा हक्क अजून जन्मलाच नाही, तर ती सोडणार काय? तो कागद कायद्याने फुकट जातो, आणि लेक दुखावते ती वेगळीच. मुलीला द्यायचं नसेल तर ते मृत्युपत्रात आपल्या तोंडाने सांगा.

ज्यांचं वेगळं आहे

नंदुरबारच्या भिल्ल, पावरा, कोकणी कुटुंबांना, आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावलच्या आदिवासी पाड्यांवरच्या लोकांना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही, तिथे रूढी पाहिली जाते. रूढीत विधवेला किंवा मुलीला काय मिळतं यावर वाद होतो, म्हणून त्यांच्यासाठी लेखी दस्ताचं महत्त्व उलट जास्त. जोडीदार बिगरआदिवासी असेल तर त्याच्या नावे हस्तांतर करायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन, असा शेरा असेल, हतनूर किंवा सरदार सरोवरच्या पुनर्वसनातला प्लॉट असेल, तर जातीचा प्रश्न नसतानाही आधी महसूल कार्यालयात विचारा.

मुस्लिम कुटुंबात सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापुढे मृत्युपत्र चालत नाही, आणि वारसालाच द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. मुलं असतील तर विधवेला वारशाने फक्त एक अष्टमांश येतो. त्यामुळे हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करणं हा त्यांचा मुख्य मार्ग. हिबा तोंडी होऊ शकतो, पण सरकारी नोंदीला आणि बँकेला कागद लागतो, तेव्हा तो नोंदवलेला बरा.

दस्त झाल्यावर

नोंदणी झाली की इंडेक्स टूची प्रत घ्या आणि फेरफाराच्या मागे लागा. सातबारा असेल तर तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मिळकत पत्रिका असेल तर सिटी सर्व्हेत. हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग सातबाऱ्यावरची नोंद मंडळ अधिकारी मंजूर करतात. महिनाभराने नवा उतारा काढून वाटा अपूर्णांकात आलाय का ते डोळ्यांनी बघा. नुसती दोन नावं आली आणि वाटा गाळला असेल तर तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज द्या. घरपट्टीला महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज, तो आपोआप होत नाही.

मृत्युपत्राची नोंद मात्र माणूस गेल्यावरच लागते. मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन फेरफाराचा अर्ज करायचा, तेव्हाही बाकीच्या वारसांना नोटीस जाते. कोणी हरकत घेतली तर साक्षीदाराला बोलावतात, म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि गावात राहणारे निवडा. मूळ प्रत बंद लखोट्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवायचीही सोय आहे. घरातच ठेवणार असाल तर ती कुठल्या कपाटात आहे हे जोडीदाराला आणि एखाद्या मुलाला तरी सांगून ठेवा.